रस्त्याकडेची पाटी कोण लिहितं?

अमेरिकेत मुलाबाळांकडे राहून आलेल्या बहुतेकांनी ही पाटी पाहिलेली असते. गाडी हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागली, की कडेला खांबावर एक जाडजूड धातूची पाटी दिसते. माथ्यावर राज्याचं चिन्ह, खाली उठावाची अक्षरं. मथळा वाचून होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. अमुक लढाई, तमुक चर्च, कुण्या सेनापतीचा मुक्काम, एवढं कळतं. बाकीचं वाचायला उतरावं लागतं, आणि उतरायला सहसा कोणी तयार नसतं.

मनात प्रश्न मात्र राहतो. ही पाटी लावली कोणी? सरकारने लावली असेल, तर मजकूर कोणत्या खात्याने तपासला? त्यात चूक निघाली तर? आणि एका गावात दहा पाट्या असताना शेजारच्या गावात एकही का नाही? तिथे काही घडलंच नाही की काय?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला अमेरिकेच्या दक्षिणेतली एक लहानशी काउंटी फार उपयोगी पडते. तिथे एकाच नदीकाठच्या एकाच जागी अकरा वर्षांत चार वेळा पाटी लावावी लागली. चौथी पाटी बंदुकीच्या गोळ्या झेलेल अशी बनवून घेतली.

टॅलाहॅची काउंटी

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय घटक. कारभाराच्या उतरंडीत ती आपल्या जिल्ह्याच्या जागी येते, पण लोकसंख्येने एखाद्या मोठ्या गावाएवढीसुद्धा असू शकते. मिसिसिपी राज्यातल्या टॅलाहॅची काउंटीत २०२०च्या जनगणनेत पुरते तेरा हजारही लोक नव्हते. क्षेत्र मात्र सुमारे १,७०० चौरस किलोमीटर. मधून त्याच नावाची नदी वाहते. पूर्वेकडे टेकड्या, पश्चिमेकडे डेल्टा म्हणजे कापसाची सपाट काळी जमीन. काउंटीला मुख्यालयंही दोन आहेत, पूर्वेला चार्ल्सटन आणि पश्चिमेला समनर. निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ कारभार बघतं आणि पोलिसप्रमुख, म्हणजे शेरीफ, तोही निवडून येतो. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

या काउंटीचं नाव जगाला कळलं ते १९५५मध्ये. शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत मिसिसिपीत, आईच्या मावशीचे यजमान मोझेस राइट यांच्याकडे आला होता. शेजारच्या लफ्लोर काउंटीतल्या मनी नावाच्या वस्तीत ब्रायंट यांचं किराणा दुकान होतं. तिथल्या गोऱ्या मालकिणीशी तो आगाऊपणे वागला, असा आळ त्याच्यावर आला. २८ ऑगस्टला, अजून उजाडलंही नव्हतं तेव्हा, तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी एमेटला अंथरुणातून उठवून नेलं. ३१ ऑगस्टला टॅलाहॅची नदीत त्याचा मृतदेह सापडला. कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यातला जड लोखंडी पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधलेला होता.

आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवूनच अंत्यविधी केला. आपल्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, हा त्यांचा हट्ट होता. ‘जेट’ मासिकाने ते छायाचित्र छापलं आणि देश हादरला. समनरच्या न्यायालयात खटला चालला. मोझेस राइट यांनी भर कोर्टात उभं राहून आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळी, त्या भागात, काळ्या माणसाने हे करणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. ज्यूरीतले बाराही जण गोरे पुरुष होते. त्यांनी ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष सोडलं.

अर्ज करा, पैसे भरा

आता पाटीकडे वळू. अमेरिकेत अशा पाट्या किती आहेत याची पक्की सरकारी मोजदाद नाही, पण हौशी लोकांनी चालवलेल्या नोंदवहीतच दीड लाखाहून जास्त पाट्या आहेत. राज्याने पद्धतशीरपणे पाट्या लावण्याच्या सुरुवातीच्या योजनांपैकी एक व्हर्जिनियाची. १९२७मध्ये तिथे पहिल्या पाट्या उभ्या राहिल्या, त्याही मोटारींच्या मुख्य रस्त्यावर. मोटार नवी होती, लोक सहलीला निघू लागले होते, आणि त्यांनी आपल्या राज्यात थांबून दोन पैसे खर्च करावेत अशी राज्याची इच्छा होती. इतिहास आणि पर्यटन यांचं लग्न पहिल्या दिवसापासून लागलेलं आहे. मिसिसिपीने आपली योजना १९४९मध्ये सुरू केली. तिथल्या सरकारी पाट्यांच्या माथ्यावर राज्याचं फूल मॅग्नोलिया असतं.

सरकारी चिन्ह पाहून आपण समजतो, की सरकारने इतिहासकार बसवले, त्यांनी राज्यभर फिरून महत्त्वाच्या जागा निवडल्या आणि पाट्या लावल्या. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. आधी कोणीतरी अर्ज करतं. ती एखादी स्थानिक इतिहास मंडळी असेल, चर्च असेल, माजी विद्यार्थ्यांची संघटना असेल किंवा एखादं जुनं घराणं. अर्जासोबत मजकुराचा कच्चा खर्डा आणि पुरावे जोडायचे. राज्याचं पुराभिलेख खातं ते तपासतं, दुरुस्त्या सुचवतं आणि मंजुरी देतं. पाटीचा खर्च, साधारण दोन-तीन हजार डॉलर, बहुतेक वेळा अर्जदाराचा. एवढं झालं की सरकारी शिक्का मिळतो.

थोडक्यात, पाटी कुठे लागते? जिथे अर्ज लिहिणारा, पुरावे गोळा करणारा आणि पैसे देणारा कोणी आहे तिथे. ज्या समाजाची जुनी कागदपत्रं कुणी जपलीच नाहीत, ज्यांना १९६५पर्यंत मत देणंही जवळपास अशक्य करून ठेवलं होतं, त्यांच्या वतीने अर्ज करायला कोण जाणार होतं? याउलट दक्षिणेतल्या गोऱ्या घराण्यांतल्या बायकांच्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेने यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे पुतळे आणि पाट्या गावोगावी उभ्या केल्या. समनरच्या न्यायालयाच्या अंगणातही १९१३पासून दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा आहे. एमेटचा खटला चालला तेव्हा तो तिथेच होता, आजही आहे.

पाटी ओतली कशी जाते हेही पाहण्यासारखं आहे. बारीक ओलसर वाळू चौकटीत ठोकून भरतात. तिच्यावर अक्षरांचा साचा दाबतात आणि उचलतात. वाळूत अक्षरांचे खड्डे राहतात. त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे लोखंडाच्या मानाने फारच लवकर, आणि गंजतही नाही. म्हणूनच हा धातू. निवल्यावर वाळू झटकायची, कडा घासायच्या, रंग द्यायचा. ओहायोतल्या मॅरिएटा गावचा ‘सीवा स्टुडिओज’ हा कारखाना १९२७पासून हेच काम करतो आणि अनेक राज्यांच्या पाट्या तिथूनच येतात. संस्थापकाचं आडनाव हॉज. इंग्रजीत ते उलटं लिहिलं की सीवा होतं.

ओतीव अक्षरांचा एक परिणाम कायमचा. कागदावरची चूक खोडता येते, ओतलेली येत नाही. एक शब्द बदलायचा तरी नवी पाटी ओतावी लागते, पुन्हा खर्च, पुन्हा मंजुरी. त्यामुळे जुन्या, एकांगी, कधी सरळ चुकीच्या पाट्याही वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उभ्या राहतात. कोणी त्या मुद्दाम राखत नाही. काढण्याची खटपटही कोणी करत नाही.

शंभर शब्दांत काय मावतं

उभ्या उभ्या वाचून व्हायला हवं, म्हणून पाटीचा मजकूर शंभर शब्दांच्या आसपास ठेवतात. एवढ्याशा जागेत काय घ्यायचं आणि काय गाळायचं यावर जी ओढाताण होते, ती लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखी असते. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोण ‘आपले विनीत’मध्ये आणि कोण मुळीच नाही, यावर घरात आठ दिवस धुसफूस होते. छापून आलेली पत्रिका मात्र शांत, मंगल आणि सर्वानुमते. परक्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही. गावातल्या माणसाला गाळलेलं नाव आधी दिसतं.

समनरच्या न्यायालयासमोर २००७मध्ये लागलेली राज्याची पाटी या नजरेने वाचावी. एमेटचा मृतदेह नदीत सापडला इथून ती सुरू होते. पाच दिवस खटला चालला, सर्व गोऱ्या ज्यूरीने दोघांना सोडलं, पुढे दोघांनी एका मासिकाला खुनाची कबुली दिली, आणि या प्रकरणाने नागरी हक्कांच्या चळवळीला जोर आला, असं सांगून ती संपते. सगळं खरं आहे. दोघांची नावंही घेतली आहेत, ‘गोरी ज्यूरी’ असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्या अंगणात हे लिहून घेणं सोपं नव्हतं. पण मृतदेह ‘सापडला’ यापूर्वी काय झालं, कुठे झालं, आणखी कोण होतं, याला त्या पाटीवर जागा नाही. खटला इथेच का चालला, यालाही नाही. शेरीफ क्लॅरेन्स स्ट्रायडर यांनी हे प्रकरण आपल्या काउंटीचं म्हणून हातात घेतलं होतं. पुढे कोर्टात ते बचाव पक्षाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आणि मृतदेह ओळखण्याच्या स्थितीत नव्हता असं म्हणाले. निवडून येणाऱ्या शेरीफला मतं कोणाची लागत होती ते वर आलंच आहे.

पन्नास वर्षं कोरी

१९५५पासून २००५पर्यंत मिसिसिपीत एमेट टिलच्या नावाची रस्त्याकडेला एकही पाटी नव्हती. २००५मध्ये राज्याने ग्रीनवुडहून टटवायलरकडे जाणाऱ्या महामार्गाला त्याचं नाव दिलं. वर्षभरात त्या फलकावर कोणीतरी ‘केकेके’ ही कू क्लक्स क्लॅनची अक्षरं फासली.

२००६मध्ये काउंटीच्या मंडळाचे पहिले काळे अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने टिल स्मृती आयोग स्थापन झाला. त्यात काळे आणि गोरे दोन्ही सभासद होते. गोऱ्या सभासदांपैकी सगळेच पश्चात्तापाने आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. समनरचं न्यायालय मोडकळीला आलेलं, काउंटी गरीब, आणि दुरुस्तीसाठी बाहेरून पैसा मिळवायचा तर ही इमारत कशासाठी प्रसिद्ध आहे हे मान्य करणं भाग होतं. माझ्या मते यात हिणवण्यासारखं काही नाही. गरज होती म्हणून का होईना, माणसं एका टेबलाशी बसली. २ ऑक्टोबर २००७ रोजी त्याच न्यायालयासमोर टिल कुटुंबीयांची जाहीर माफी मागण्यात आली. पुढे आतली कोर्टरूम १९५५मध्ये होती तशी पुन्हा घडवली. तिथे आजही खटले चालतात.

एक गोष्ट जाता जाता. याच काउंटीतल्या टटवायलरला आणखी एका गोष्टीची पाटी आहे. १९०३च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्याने तिथल्या रेल्वे स्टेशनवर एका काळ्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गाताना ऐकलं. ब्लूज संगीताच्या इतिहासात ही गोष्ट ठिकठिकाणी सांगितली जाते. त्या पाटीवर कोणी गोळी झाडल्याचं ऐकिवात नाही. आठवण काळ्या माणसांची असूनही ती गाण्याची असली की खपते.

नदीकाठची पाटी

२००८मध्ये आयोगाने काउंटीत टिल प्रकरणाच्या जागा दाखवणारे फलक लावले. त्यातला एक ग्लेनडोराजवळ, खडीच्या रस्त्याने आत गेल्यावर लागणाऱ्या ग्रॅबॉल लँडिंगवर होता. हा जुना नावेचा धक्का. एमेटचा मृतदेह इथे बाहेर काढला, अशी समजूत आहे. ‘समजूत’ म्हणायचं कारण, नेमकी जागा कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

> चौकट : एक जागा, चार पाट्या
>
> पहिली, २००८. लावल्यावर थोड्याच काळात उपटली आणि नदीत फेकली.
>
> दुसरी. गोळ्या झाडून चाळण केली. तिच्यावर ३१७ भोकं मोजली गेली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. तिथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने २०२१मध्ये ती भोकांसकट मांडली.
>
> तिसरी, जून २०१८. ३५ दिवसांत पहिली गोळी बसली. २०१९मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांचा बंदुका घेऊन तिच्याशेजारी काढलेला फोटो बाहेर आला आणि पाटी उतरवली.
>
> चौथी, ऑक्टोबर २०१९. गोळी न भेदणाऱ्या पोलादाची, वर जाड ॲक्रिलिक. वजन ५०० पौंडांहून जास्त, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर.

ग्रामीण अमेरिकेत रस्त्यावरच्या फलकांवर नेम धरणं ही काही टवाळांची जुनी खोड आहे. हरणाच्या चित्राच्या, वळणाच्या पाट्यांवरही भोकं दिसतात. त्यामुळे ‘पोरांचा टाइमपास’ असं म्हणणारे तेव्हाही होते. पण हमरस्त्यावरून जाता जाता झाडलेली गोळी वेगळी आणि खडीच्या रस्त्याने मुद्दाम नदीपर्यंत जाऊन झाडलेल्या ३१७ गोळ्या वेगळ्या. शिवाय चौथी पाटी लागल्यावर काही दिवसांतच गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा एक गट झेंडा घेऊन तिच्यापुढे चित्रफीत बनवायला आला. आता तिथे कॅमेरे बसवलेले होते. भोंगा वाजला तसे ते पळाले.

चौथ्या पाटीचं पोलाद नेमबाजीच्या सरावातली लक्ष्यं बनवायला वापरतात तेच आहे. गोळी लागली तरी ते भेदलं जात नाही, गोळीच चपटी होते किंवा फुटते.

पाटी जे करू शकत नाही तेही सांगायला हवं. ती जागेला कायद्याचं संरक्षण देत नाही. मनीमधल्या ब्रायंट यांच्या दुकानासमोर २०११मध्ये राज्याच्या ‘फ्रीडम ट्रेल’ योजनेची पहिली पाटी लागली. मागचं दुकान तरीही ढासळतच राहिलं. आज भिंतींचे अवशेष उरलेत, वर वेली चढल्यात. शेजारच्या जुन्या पेट्रोल पंपाचा मात्र नागरी हक्कांच्या वारशासाठीच्या सरकारी निधीतून दोन लाख डॉलरांवर खर्च करून जीर्णोद्धार झाला. त्या पंपाचा एमेटशी काहीही संबंध नव्हता. दुकान खासगी मालकीचं, आणि मालक काही करत नव्हते. २०१७मध्ये दुकानासमोरच्या पाटीवरचं चित्र आणि मजकूरही कोणीतरी खरवडून काढला.

न सांगितलेली जागा

आता सगळ्यात महत्त्वाचं. खून झाला कुठे?

अमेरिकी कायद्यात एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. हे माहीत असल्यामुळे ब्रायंट आणि मायलम यांनी पत्रकार विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई यांना पैसे घेऊन आपली हकीकत सांगितली. ती जानेवारी १९५६मध्ये ‘लुक’ मासिकात आली. पण ही सवलत फक्त सुटलेल्या दोघांना होती. आणखी जे कोणी त्या रात्री बरोबर होते त्यांच्यावर खटला झालाच नव्हता, त्यांची नावं छापली तर ते अडकणार आणि मासिकावरही दावा होणार. म्हणून हकिकतीत दोनच माणसं उरली. माणसं कमी झाली तशी जागाही बदलली. मारहाणीचं कोठार गाळलं गेलं आणि खून नदीकाठी, टॅलाहॅची काउंटीत झाला असं लिहिलं गेलं.

खरं तर विली रीड या अठरा वर्षांच्या काळ्या तरुणाने समनरच्या कोर्टातच साक्ष दिली होती. पश्चिमेला, सनफ्लॉवर काउंटीतल्या ड्रू गावाजवळच्या शेतावर, मायलमच्या भावाच्या ताब्यातल्या कोठारातून त्याने मारहाणीचा आवाज आणि किंकाळ्या ऐकल्या होत्या. साक्षीनंतर तो शिकागोला निघून गेला. त्याची साक्ष मागे पडली आणि मासिकातली विकत घेतलेली हकीकत पुस्तकांत, नकाशांत आणि लोकांच्या बोलण्यात शिरली. डेव्ह टेल या अभ्यासकाने २०१९च्या आपल्या पुस्तकात हे सगळं उलगडून दाखवलं आहे. पुढे पाट्या लावायची वेळ आली तेव्हा त्याही अर्थातच टॅलाहॅचीत लागल्या. अर्ज करणारा आयोग तिथला, न्यायालय तिथलं, नदी तिथली. सनफ्लॉवर काउंटीचं नाव कितीतरी वर्षं या गोष्टीतून बाहेरच राहिलं.

२५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या ८२व्या जयंतीला, राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी एमेट आणि त्याच्या आईच्या नावाने राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात तीन जागा आहेत. शिकागोतलं अंत्यविधी झालेलं चर्च, समनरचं न्यायालय आणि ग्रॅबॉल लँडिंग. ड्रूजवळच्या कोठाराचा त्यात समावेश नाही.